नांव, स्थळ आणि वेल : पॅलेस्टाइन-इस्राएलमधील प्राचीन द्राक्षमद्याच्या पुनरुज्जीवनाचा साधनदृष्ट्या विचार

१

इ. स. २०१५ च्या उत्तरार्धांत इस्राएल देशांतील रेकानाती या मद्यशाळेनें ‘मरावी’ नांवाचें एक पांढरें द्राक्षमद्य विक्रीस काढलें. तें २०१४ च्या हंगामांतील द्राक्षांचें असून त्याच्या अवघ्या २,४८० बाटल्या भरल्या होत्या. इतक्या अल्प मालाची वार्ता देशोदेशींच्या वृत्तपत्रांनीं छापावी याचें कारण एवढेंच कीं, हीं द्राक्षें फ्रान्सांतून आणलेल्या जातींचीं नव्हतीं. बेथलेहेम व हेब्रॉन यांच्या बाजूस पॅलेस्टिनी शेतकऱ्यांच्या बागांत पूर्वापार चालत आलेल्या, ‘हमदानी’ अथवा ‘मरावी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देशी वेलाचीं तीं होतीं. दाविद राजा आणि येशू ख्रिस्त जें मद्य प्याले तेंच हें, किंवा निदान त्याचें सगोत्र, असा ध्वनि त्या वार्तांतून निघत होता.

वस्तुतः या कामाचा आरंभ दुसरीकडे अगोदरच झाला होता. बेथलेहेमनजीक बेत जाला गांवाशेजारीं क्रेमिझान येथें सालेशियन ख्रिस्ती साधूंचा मठ आहे. तेथील मद्यशाळा १८८५ सालची. तिनें २००८ पासून हमदानी, जंदाली, दाबूकी व बलदी या देशी जातींचें मद्य, एका इटालियन तज्ज्ञाच्या साह्यानें, त्या त्या जातीच्या नांवानें काढण्यास सुरुवात केली. ‘बलदी’ या अरबी शब्दाचा अर्थ आपल्या ‘देशी’ शब्दासारखाच आहे, हें वाचकांच्या ध्यानांत यावें.

प्रस्तुत लेखाचा विषय मद्याची चव हा नव्हे. ती परीक्षा करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं आणि हौसहि नाहीं. आमचा प्रश्न साधनांचा आहे. ‘हा वेल प्राचीन आहे’ असें कोणी म्हणाला तर तो कोणत्या पुराव्यावर म्हणतो, त्या पुराव्यांत नामसादृश्य किती व वस्तूचें सातत्य किती, आणि एखादी कृति मध्येंच खंडित झाली असतां ती पुनः सुरू करणारा नक्की काय पुनः सुरू करतो, हे ते प्रश्न होत. जुन्या पोथ्या धुंडाळणाऱ्यांस हे प्रश्न नवे नाहींत. फक्त येथें पोथीच्या जागीं वेल आहे.

२

प्रथम परदेशी द्राक्षें तेथें कशीं आलीं तें पाहूं. सातव्या शतकांत तो प्रदेश अरबांच्या सत्तेखालीं गेल्यानंतर मद्याचा मोठा व्यापार क्रमानें मावळला. द्राक्षांच्या बागा मात्र मावळल्या नाहींत. द्राक्षें खाण्यास लागत, सुकवून मनुके करण्यास लागत, आणि रस आटवून ‘दिब्स’ म्हणून जी काकवी होते तिच्यासाठींहि लागत. ज्यू व ख्रिस्ती लोक आपल्या धर्मविधींपुरतें व घरापुरतें थोडें मद्य करीत राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जेरुसलेमांत ज्या लहान ज्यू मद्यशाळा निघाल्या, त्यांना द्राक्षें मिळत तीं डोंगरांतील अरब बागाइतदारांकडूनच, आणि तीं सारीं देशीच असत.

हा क्रम पालटला तो १८७० नंतर. त्या सालीं याफाजवळ मिकवे इस्राएल ही शेतकी शाळा स्थापन झाली व तेथें युरोपांतील वेल लावले गेले. पुढें १८८२ सालीं रिशोन लेझिओन ही वसाहत वसली आणि तिला पॅरिसचे धनिक बॅरन एदमों द रोथशिल्ड यांचा आश्रय मिळाला. त्यांनीं फ्रान्सांतून तज्ज्ञ व वेल आणविले, रिशोन लेझिओन व झिख्रोन याकोव्ह येथें मोठीं तळघरें बांधिलीं आणि कारिन्यान वगैरे दक्षिण फ्रान्सकडील जातींबरोबर बोर्दोच्या उंची जातींचीहि लागवड करविली. मुळें कुरतडणाऱ्या फिलोक्झेरा नांवाच्या किडीनें ह्या बागा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खाल्ल्या, तेव्हां त्या अमेरिकन खुंटावर कलमें बांधून पुनः उभ्या केल्या. १९०६ सालीं बागाइतदारांची सहकारी संस्था होऊन तळघरांचा कारभार तिच्याकडे आला.

या घटनेचा परिणाम असा झाला कीं, पुढील शंभर वर्षें त्या देशांत ‘चांगलें मद्य’ याचा अर्थ ‘फ्रेंच जातीच्या द्राक्षांचें मद्य’ असा रूढ झाला. देशी द्राक्ष खाण्याचें, फ्रेंच द्राक्ष पिण्याचें, अशी वाटणीच पडली. यांत बॅरनसाहेबांस दोष देण्याचें कारण नाहीं. ज्याला बाजार गांठावयाचा त्यानें बाजारास ठाऊक असलेला माल करावा हें स्वाभाविक आहे. तथापि तीन हजार वर्षें द्राक्षें पिकविणाऱ्या भूमींत मद्य करावयाचें तर वेल बाहेरून आणावा लागतो, हा समज मात्र तपासून पाहण्यासारखा होता, आणि तो तपासण्यास एकविसावें शतक उजाडावें लागलें.

३

आतां प्राचीन साधनांकडे वळूं. जुन्या काळीं तेथें कोणत्या जातीचीं द्राक्षें होतीं हें लेखांवरून कळतें काय?

१९१० सालीं शोमरोन, म्हणजे प्राचीन समारिया, येथील राजवाड्याच्या अवशेषांत रायझनर यांच्या उत्खननांत शाईनें लिहिलेलीं खापरें सांपडलीं. त्यांपैकीं साठांवर वाचतां येतात. काळ सामान्यतः इ. स. पूर्वी आठवें शतक मानितात. हे खापरलेख म्हणजे आपल्याकडील जमाखर्चाच्या फर्दाच होत: राज्यवर्ष नववें, दहावें किंवा पंधरावें, अमुक गांवाहून अथवा कुळाकडून, अमक्याच्या नांवें, ‘जुन्या मद्याचा’ एक घडा, किंवा ‘धुतलेल्या तेलाचा’ एक घडा. गांव आहे, कुळ आहे, साल आहे, मद्य जुनें कीं नवें हेंहि आहे. द्राक्षाची जात मात्र नाहीं.

१९५६ ते १९६२ या काळांत प्रिचर्ड यांनीं गिबओन येथें उत्खनन केलें. तेथें खडकांत कोरलेलीं घड्याच्या आकाराचीं ६३ तळघरें निघालीं. मद्याचे घडे थंड ठेवण्यासाठीं तीं होतीं. घड्यांच्या कानांवर अक्षरें कोरलेलीं आहेत. त्यांत पुनः गांवाचेंच नांव, गिबओन, येतें, वेलाचें नाहीं.

मिश्ना या ज्यू धर्मसंहितेचें संकलन इ. स. २०० च्या सुमाराचें. तिच्यांत मंदिरांत अर्पण करावयाचें मद्य कोठून आणावें याचा विचार आहे, आणि त्याचें उत्तर म्हणून उत्तम व मध्यम अशीं दोन प्रकारच्या गांवांचीं नांवें दिलीं आहेत. ‘कोणत्या द्राक्षाचें’ हा प्रश्न संहिताकारांस पडलेलाच नाहीं. शेजारच्या मिसर देशांतहि हाच प्रकार. १९२२ सालीं उघडलेल्या तुतांखामेन राजाच्या थडग्यांतील मद्यकुंभांवर राज्यवर्ष, बागेचें ठिकाण व मद्य करणाऱ्याचें नांव लिहिलेलें आहे. द्राक्षाची जात लिहिलेली नाहीं.

पुढें ख्रिस्ती रोमन साम्राज्याच्या काळीं, चौथ्या ते सातव्या शतकांत, याच किनाऱ्यावरून ‘गाझाचें मद्य’ म्हणून जो माल निघे तो पार पश्चिम युरोपांत जाई. सहाव्या शतकांतील फ्रँक इतिहासकार तूरचा ग्रेगरी त्याचा उल्लेख करतो. याव्ने येथें २०२१ सालीं जाहीर झालेल्या उत्खननांत पांच मोठीं द्राक्षकुंडें, गुदामें व घडे भाजण्याच्या भट्ट्या निघाल्या. त्या एका कारखान्यांत सालीना सुमारें वीस लाख लिटर मद्य होत असावें असा उत्खनकांचा अंदाज आहे. येथेंहि नांव बंदराचें आहे. द्राक्षें पिकत तीं पुष्कळशीं आंत नेगेवच्या ओसाड पठारावर. माल गाझाच्या बंदरांतून चढे म्हणून तो गाझाचा.

संस्कृत वाङ्मयाशीं परिचय असणाऱ्यांस हा प्रकार अपरिचित वाटणार नाहीं. कौटिल्य सुराध्यक्षाच्या प्रकरणांत द्राक्षाच्या रसापासून होणाऱ्या मद्यास ‘मधु’ म्हणतो आणि त्याची ओळख त्याच्या देशावरून करावयाची असें सांगून ‘कापिशायन’ व ‘हारहूरक’ अशीं दोन नांवें देतो. पैकीं ‘कापिशायन’ शब्दाची सिद्धि पाणिनीनें कापिशी या नगरीच्या नांवावरून केली आहे. ही नगरी म्हणजे आजच्या अफगाणिस्थानांतील बेग्राम. भडोच बंदरांत येणाऱ्या मालाची यादी देतांना ‘पेरिप्लस’ हा पहिल्या शतकांतील ग्रीक ग्रंथहि इटलीचें, लाओदिकेआचें व अरबस्थानचें मद्य असें तीन देशांवरूनच सांगतो. हें लाओदिकेआ सिरियाच्या किनाऱ्यावरील होय असें सामान्यतः समजतात, म्हणजे तें आपल्या विषयाच्या प्रदेशाचें शेजारीच. असल्या मद्याच्या कुंभांचीं खापरें आपल्याकडे नेवाशास १९५४ पासूनच्या उत्खननांत मिळालीं, तेरसहि मिळालीं आहेत.

यावरून आम्ही असें अनुमान काढतों कीं, त्या प्रदेशांतील व त्याच्या व्यापारांतील प्राचीन लेखक मद्य ओळखत तें स्थळावरून, वेलावरून नव्हे. रोमन ग्रंथकारांची गोष्ट निराळी. प्लिनी व कोलुमेला यांनीं इटलींतील वेलांच्या अनेक जाती नांवानिशीं सांगितल्या आहेत. परंतु शोमरोनच्या कारकुनापासून मिश्नेच्या संकलकापर्यंत ज्यांचा प्रस्तुत विषयाशीं संबंध, त्यांच्या लेखांत वेलाचें नांव शोधणें म्हणजे सातबाऱ्याच्या उताऱ्यांत गाईचा रंग शोधण्यासारखें आहे.

४

तरीहि एक स्थळ असें आहे कीं, ज्याच्यावर देशी जातींच्या प्राचीनत्वाचा भार टाकण्यांत आला. २०१५ च्या वृत्तांतून हमदानी व जंदाली या जातींचा उल्लेख बॅबिलोनी तालमुदांत असल्याचें सांगून त्यांचें प्राचीनत्व इ. स. २२० पर्यंत मागें नेलें होतें. हें स्थळ तालमुदाच्या ‘शब्बाथ’ नामक प्रकरणांतील होय. त्यांत जेरुसलेमांतील छचोर लोकांचें बोलणें आलें आहे. आज जेवण कशाबरोबर केलें, ‘गोर्देली’ मद्याबरोबर कीं ‘हर्देली’ मद्याबरोबर, अशा अर्थाचे ते प्रश्न एकमेकांस करीत. या प्रश्नांत स्त्रियांविषयींचा चावट श्लेष होता असा निर्णय तेथेंच एका धर्मपंडिताच्या तोंडीं आहे.

गोर्देली म्हणजे जंदाली आणि हर्देली म्हणजे हमदानी, असें हें समीकरण आहे. शब्दांचा शेवट जुळतो हें खरें. परंतु या स्थळावर दोन आक्षेप येतात. पहिला असा कीं, या दोन शब्दांचा अर्थ ‘पांढरें’ व ‘गडद’ असा रंगवाचक करण्याची टीकाकारांची परंपरा आहे. स्थळांतील श्लेष पाहतां तीच अधिक संगत दिसते, कारण चावटपणा जुळतो तो गोरी व सांवळी यांत. दोन डोंगरी जातींत तो कसा जुळावा? दुसरा आक्षेप असा कीं, हे दोन्ही शब्द जातींचींच नांवें मानलीं तरी नांवाचें सातत्य म्हणजे वस्तूचें सातत्य नव्हे. आपल्या बसराई केळींत बसरा आहे आणि मोसंब्यांत मोझांबिक आहे. तेवढ्यावरून त्या झाडांची वंशावळ लिहावयास कोणी बसणार नाहीं. नांव एका झाडावरून दुसऱ्यावर सहज उडी मारतें. संस्कृत वनस्पतिनामांचा ज्यांनीं थोडाहि अभ्यास केला आहे त्यांना ‘सोम’ या एका शब्दानें किती विद्वानांस रानोमाळ हिंडविलें हें ठाऊकच आहे.

म्हणून तालमुदाच्या या एका स्थळावर हमदानी-जंदालीचें प्राचीनत्व उभारणें आम्हांस सुरक्षित वाटत नाहीं. परंतु याचा अर्थ त्या जाती प्राचीन नाहींत असाहि होत नाहीं. नांवाचा साक्षीदार दुबळा ठरला, तर वेलालाच साक्षीस बोलाविलें पाहिजे.

५

वेल साक्ष कशी देतो हें समजण्यास बागाइतदाराची एक साधी गोष्ट ध्यानीं घ्यावी. द्राक्षाची बी पेरली तर येणारा वेल आईसारखा येत नाहीं. दोन ग्रंथ पुढें ठेवून त्यांतून तिसरा ग्रंथ रचावा तसा तो नवाच असतो. म्हणून बागाइतदार बी पेरीत नाहीं, काडी लावतो. काडीपासून आलेला वेल हा मूळ वेलाची हुबेहूब प्रत असतो. त्या प्रतीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, अशी परंपरा शेंकडों वर्षें चालूं शकते. क्वचित् लेखनिकाचा हात चुकावा तसा काडींत फरक पडतो. पिनो या फ्रेंच जातीचे काळा, करडा व पांढरा असे जे प्रकार आहेत ते असेच एका मूळ वेलाचे पाठभेद होत. एरव्हीं प्रत शुद्ध राहते.

हें केवळ रूपक नव्हे. वेलाच्या पेशींतील वंशद्रव्य, ज्याला डीएनए म्हणतात, तें आतां जुन्या बियांतूनहि वाचतां येतें. फ्रान्सांत ऑर्लेआं येथें सांपडलेली मध्ययुगांतील एक द्राक्षाची बी आज लावल्या जाणाऱ्या साव्हान्यां ब्लां या जातीशीं तंतोतंत जुळली, असें २०१९ सालीं प्रसिद्ध झालें. म्हणजे ती प्रत नऊशें वर्षें बागाइतदारांच्या हातोहात अखंड चालत आली. असा पुरावा एखाद्या पोथीच्या वंशवृक्षास मिळाला तर संपादक धन्य होईल.

पॅलेस्टाइन-इस्राएलमधील देशी वेलांची अशी मोजणी एरिएल येथील विद्यापीठांतील शिवी द्रोरी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केली. २०१५ च्या वृत्तांतांत, आयात जातींहून भिन्न असे १२० वंश त्यांना आढळल्याचें, त्यांपैकीं सुमारें ५० लागवडीचे व २० मद्यास योग्य असल्याचें दिलें आहे. पुढें २०१७ सालीं त्यांचा सविस्तर निबंध आला. त्यांत रानटी व लागवडीच्या अशा दोन्ही वेलांचें वंशद्रव्य २२ ठराविक खुणांवर तपासलें आहे. तेथील रानटी वेल व लागवडीचे वेल एकमेकांस जवळचे निघाले. म्हणजे देशी जाती कोठून तरी आलेल्या उपऱ्या नसून त्या भूमीशीं त्यांचें नातें जुनें आहे, एवढें तरी दिसतें.

परंतु त्याच निबंधांत दुसरी एक गोष्ट आहे आणि ती वृत्तपत्रांनीं सांगितली नाहीं. या देशी जाती बहुतांशीं ‘पूर्वेकडील’ म्हणून जो द्राक्षांचा वर्ग शास्त्रज्ञ मानितात त्यांतल्या आहेत, आणि या वर्गाचें लक्षण मुख्यतः मोठा मणी, विरळ घड व खाण्यास गोड, असें आहे. हें अपेक्षितच आहे. बाराशें-तेराशें वर्षें ज्या बागाइतदारांनीं द्राक्षें खाण्यासाठीं व दिब्ससाठीं लावलीं, त्यांनीं खाण्यास चांगली तीच काडी पुढें लावली असणार. आंबट, लहान मण्याची, केवळ मद्याच्या उपयोगाची जात तेवढ्या काळांत टिकणें कठीण. ज्या ग्रंथाला अध्यापक उरला नाहीं त्याच्या प्रती कमी होतात, हा नियम येथेंहि लागू पडतो. म्हणून आज उरलेल्या जाती जुन्या असूं शकतील, परंतु त्या जुन्या मद्याच्याच जाती असतील असें त्यावरून सिद्ध होत नाहीं.

६

या अडचणींतून वाट काढण्याचा खरा मार्ग जुन्या बियांचा आहे, आणि त्या नेगेवच्या पठारावर मिळाल्या. या पठारावरील निस्साना या गांवीं १९३५ ते १९३७ मध्यें सहाव्या-सातव्या शतकांतील ग्रीक व अरबी पपायरस-पत्रें सांपडलीं होतीं, हें हस्तलिखितप्रेमी वाचकांस ठाऊक असेल. ज्या गांवानें कागदपत्रें जपलीं त्यानें आपला उकिरडाहि जपला. निस्साना, शिव्ता व एलुसा येथील उकिरडे चाळून त्यांतील द्राक्षाच्या बिया व गाझाच्या घड्यांचीं खापरें मोजण्यांत आलीं. तेथील द्राक्षशेती पांचव्या शतकांत फार वाढली व सहाव्या शतकाच्या मध्यानंतर, म्हणजे अरबी सत्तेच्या पूर्वींच, उतरणीस लागली, असा निष्कर्ष २०२० सालीं प्रसिद्ध झाला. एका धर्मानें एका दिवसांत मद्याचे घडे फोडले अशी जी सोपी कथा सांगण्यांत येते ती यामुळें सुधारून घ्यावी लागेल. परदेशची मागणी मंदावली, रोगाची सांथ आली, हवामान फिरलें, अशीं कारणें तेथें पुढें येतात.

२०२३ सालीं या प्रदेशांतील बियांच्या वंशद्रव्याचें वाचन प्रसिद्ध झालें. आठव्या शतकांतील एक बी बहुधा पांढऱ्या द्राक्षाची ठरली. पांढरें म्हणून ओळखतां आलेलें तें तोंवरचें सर्वांत जुनें द्राक्ष. दुसऱ्या एका बीचें नातें आज ग्रीसमध्यें लावल्या जाणाऱ्या एका जातीशीं जुळलें. यांतील स्वारस्य विचारी वाचकांनीं पाहावें. आठव्या शतकांत, म्हणजे नव्या सत्तेखालींहि, तेथें द्राक्षें पिकत होतीं. आणि ज्या काळास आपण शुद्ध ‘देशी’ म्हणूं पाहतों त्या काळींहि काड्या समुद्रापलीकडे जात-येत होत्या. गाझाचें मद्य जहाजांत बसून पश्चिमेस जाई, तर काडीला कोण अडविणार? फ्रेंच काडी एकोणिसाव्या शतकांत आली म्हणून ती परकी, आणि एजियन समुद्राशीं नातें सांगणारी काडी हजार-दीड हजार वर्षांपूर्वींची म्हणून ती देशी, हा भेद काळाचा आहे, जातीचा नव्हे. त्याच २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका मोठ्या संशोधनाप्रमाणें तर माणसानें द्राक्ष प्रथम हातीं धरलें तें सुमारें ११,००० वर्षांपूर्वीं, कॉकेशस व पश्चिम आशिया या दोन ठिकाणीं, आणि युरोपांतील मद्याच्या जाती या पश्चिम आशियांतील शाखेपासूनच निघाल्या. म्हणजे बॅरनसाहेबांनीं आणलेला वेल हा एका अर्थीं माहेरीं आलेलाच होता.

७

राहिली कृति. २०१३ सालीं गॅलिलींतील तेल काब्री येथें इ. स. पूर्वी १७०० च्या सुमारच्या राजवाड्यांत ४० मोठ्या घड्यांचें एक तळघर सांपडलें. घड्यांच्या अंगांत मुरलेल्या अंशाची परीक्षा होऊन त्या मद्यांत मध, निरनिराळे वृक्षनिर्यास, देवदाराचें तेल, पुदिना, दालचिनी असे पदार्थ असावे असें पुढल्या वर्षीं प्रसिद्ध झालें. आमच्या वाचकांपैकीं वैद्यांस हें मद्यापेक्षां आसवारिष्टाच्या जवळचें वाटेल. आतां देशी द्राक्ष घेऊन, पोलादी टाक्यांत थंड राखून, निवडलेलें किण्व घालून जें मद्य करितात, त्याचा वेल जुना असला तरी कृति सर्वस्वीं नवी आहे. त्याला प्राचीन म्हणणें म्हणजे जुन्या पोथीचा पाठ नव्या टंकांत छापून त्याला हस्तलिखित म्हणण्यासारखें होय.

कृतीचें खरें सातत्य पाहावयाचें तर जॉर्जिया देशाकडे पाहावें. तेथें जमिनींत पुरलेल्या ‘क्वेव्री’ नांवाच्या मोठ्या रांजणांत मद्य करण्याची रीत घरोघर अखंड चालूं राहिली व २०१३ सालीं युनेस्कोनें तिची नोंद मानवजातीच्या वारशांत केली. तेथें पुनरुज्जीवन हा शब्द फारसा लागत नाहीं. बेथलेहेमांत तो लागतो, कारण मध्यें खंड पडला. खंड पडला हें कबूल करण्यांत कमीपणा नाहीं. ज्या ग्रंथाचीं मधलीं पानें गहाळ आहेत त्याचा प्रामाणिक संपादक तेथें टिंबें देतो. आपलीं पानें घालीत नाहीं.

८

येणेंप्रमाणें निर्णय असा. प्राचीन मद्याचीं नांवें स्थळांचीं आहेत, म्हणून नांवावरून वेल ओळखतां येत नाहीं. देशी वेल त्या भूमीचे जुने रहिवासी आहेत, परंतु ते प्राचीन मद्याचेच वेल होत हें अद्याप सिद्ध नाहीं. कृति नवी आहे. तीन धाग्यांपैकीं एकच धागा, वेल आणि भूमि यांच्या संबंधाचा, अखंड हातीं येतो.

मग हा उद्योग व्यर्थ म्हणावा काय? आमचें मत अगदीं उलट आहे. ह्या वेलांचें मोल दाविद राजाच्या पेल्यावर अवलंबून नाहीं. ज्या लोकांच्या धर्मांत मद्य निषिद्ध, त्यांनीं पिढ्यान् पिढ्या हे वेल अंगणांत व डोंगरउतारावर जपले, हीच त्यांची खरी सनद होय. कौटिलीय अर्थशास्त्राचा ग्रंथ शेंकडों वर्षें नामशेष समजला जात होता. तंजावरकडील एका पंडितानें आणून दिलेल्या पोथीवरून श्यामशास्त्री यांनीं तो १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केला. पोथी जपणाऱ्या घरानें त्या शास्त्राप्रमाणें राज्य केलें नव्हतें. तरी शास्त्र उरलें तें तशा घरामुळेंच. हमदानी व जंदालीच्या बागाइतदारांचें ऋण याच जातीचें आहे. ‘हें आमच्या पूर्वजांचें द्राक्ष’ असें आज दोन्ही समाज म्हणतात, आणि त्या भूमींतील मोठ्या कलहाची छाया या वादावरहि पडली आहे. काडी कोणी जपली हें मात्र वादाच्या पलीकडचें आहे. तें नांव बाटलीवर प्रथम यावयास हवें, आणि तिच्या मोलांतील योग्य वांटाहि तिकडे जावयास हवा.

या सर्वांत आपणांस एक बोध आहे. नाशिककडे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मद्याच्या बागा झाल्या त्या शेनां ब्लां, शिराझ, काबर्ने सोव्हिन्यों अशा फ्रेंच जातींच्या. खाण्याच्या बागांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत थॉम्सन सीडलेस पसरली. त्यापूर्वीं या प्रदेशांत भोकरी, साहेबी, हबशी अशीं नांवें चालत. हीं नांवें आज पुष्कळांच्या स्मरणांतूनहि गेलीं. दप्तरें चाळणाऱ्या आमच्या मित्रांस विनंति कीं, बागाइतीच्या फडनिशी कागदांत द्राक्षाचें नांव आढळलें तर तें टिपून ठेवावें, आणि तें स्थळाचें, रंगाचें कीं वेलाचें याचा निर्णय घाईनें करूं नये. पण तेवढ्यावर थांबूंहि नये. त्या गांवीं एखाद्या वाड्याच्या परसांत जुना वेल अजून उभा आहे काय हें जाऊन पाहावें. कागदाची नक्कल पुढल्या वर्षींहि करतां येईल. वेल तोडला गेला तर त्या एकुलत्या एका प्रतीची नक्कल पुनः कोणासच करतां येणार नाहीं.